गाडी आपल्या लेनमध्ये ठेवायला शिका: खान्देशातल्या हायवेवर नव्याने उतरणाऱ्यांसाठी

लायसन्स हातात आलंय, गाडी दारात उभी आहे, आणि यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा घरच्या लग्नाला स्वतः गाडी चालवत गावी जायचं ठरतंय. हा लेख तुमच्यासाठी आहे. क्लच, गिअर, रिव्हर्स हे सगळं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात. ऐंशीच्या वेगात दोन-तीन तास गाडी आपल्याच लेनमध्ये कशी ठेवायची, हे मात्र सहसा कुणी शिकवत नाही. हायवेवरचे फार वाईट अपघात नेमके इथेच होतात. ओव्हरटेक चाललेला नसतो, ब्रेक फेल झालेले नसतात, रस्ताही सरळसोट असतो. ड्रायव्हरला कळायच्या आत गाडी हळूच बाजूला सरकते. डावीकडे गेली तर ढाब्यासमोर उभा असलेला ट्रक, बाभळीचं खोड नाहीतर पुलाचा कठडा. उजवीकडे गेली तर डिव्हायडर, आणि रस्ता दुपदरी असला तर थेट समोरून येणारी गाडी.

आधी एक साधं गणित मनात पक्कं करा. आपल्याकडे हायवेची एक लेन साधारण ३.५ मीटर रुंद असते. कार साधारण १.७ मीटर. म्हणजे गाडी बरोबर मध्ये असली तर दोन्ही बाजूंना जेमतेम ९० सेंटीमीटर उरतात. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. त्या वेगात गाडीचं तोंड फक्त दोन अंशांनी वाकडं झालं, तर ते ९० सेंटीमीटर सव्वा सेकंदाच्या आत संपतात. दोन अंश म्हणजे स्टिअरिंगवर हात नुसता सैल पडणं. दुपदरी रस्त्यावर समोरचाही ऐंशीने येत असेल, तर दोघांमधलं अंतर सेकंदाला ४४ मीटरने कमी होत असतं. चूक झाल्यावर सावरायला वेळ जवळजवळ नसतोच, म्हणून बरीचशी तयारी गाडी सुरू करण्याआधीच करावी लागते.

गाडी रस्त्यावर नेमकी कुठे आहे, ते ओळखा

आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे उजवं चाक कुठे आहे ते लवकर कळतं. डाव्या चाकाचा अंदाज नव्या ड्रायव्हरला नसतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी बाजार समितीचं आवार किंवा एखादं मोकळं मैदान गाठा. जमिनीवर चुन्याने लांब सरळ रेघ मारा आणि गाडी अशी उभी करा की डावी चाकं बरोबर त्या रेघेवर येतील. सोबतच्या माणसाला खाली उतरून पाहायला सांगा. आता सीटवर नेहमीसारखं बसून बघा, ती रेघ बॉनेटला कुठे येऊन मिळालेली दिसते? ती जागा लक्षात ठेवा. मग रेघेपासून अर्धा मीटर आत गाडी लावून पुन्हा बघा. उजव्या बाजूलाही तसंच करा. एका सकाळीत डोळ्याला सवय लागते. त्यानंतर रस्त्यावरची पांढरी पट्टी बॉनेटच्या कुठल्या भागाशी दिसते, एवढ्यावरून गाडी मध्ये आहे की सरकते आहे ते कळतं.

नजर लांब टाका

नवा माणूस बॉनेटच्या पुढच्या दहा-वीस मीटरवर नजर लावून बसतो, आणि म्हणूनच त्याची गाडी सारखी डुलत राहते. बारा ते पंधरा सेकंदांनी आपण जिथे पोहोचणार आहोत, तिथे पाहा. ऐंशीच्या वेगात ते पाव किलोमीटरहून लांब असतं. मधूनमधून आरशात नजर, मीटरवर नजर, आणि परत लांब. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. एक हात गिअरवर ठेवून, दुसऱ्याची दोन बोटं स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला अडकवून चालवायची पद्धत आपल्याकडे फार आहे. चाक खड्ड्यात आदळलं की ती बोटं काही कामाची नाहीत.

आणखी एक गोष्ट पक्की धरा: डोळे जिथे जातात तिथे गाडी जाते. शेतातल्या आगीकडे, पलटी झालेल्या ट्रककडे, रस्त्याकडेच्या वरातीकडे पाहत राहिलात तर हात नकळत तिकडे वळतात.

पट्ट्यांचा अर्थ थोडक्यात. तुटक पट्टी सुरक्षित असेल तेव्हा ओलांडता येते, सलग पट्टी ओलांडायची नाही. एक सलग आणि एक तुटक अशी जोडी असेल, तर आपल्या बाजूला कुठली आहे ते पाहायचं. रात्री रस्त्यात चमकणारे दिवे हे मोठे सोबती आहेत: डाव्या कडेला लाल, दोन लेनच्या मध्ये पांढरे, डिव्हायडरकडे पिवळे. चाकाखाली टक-टक आवाज आला तर तो याच दिव्यांचा किंवा उठावदार पट्टीचा असतो, आणि गाडी लेनच्या कडेवर गेल्याची ती खबर असते.

झोप: इथे जास्त वेळ थांबूया

अपघातानंतर आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, “डोया लागी गया.” माणूस घोरत झोपी जातो असं यात बहुधा होत नाही. तीन-चार सेकंदांची डुलकी येते, कधी डोळे उघडे असतानाही मेंदू तेवढा वेळ बंद पडतो. चार सेकंदांत ऐंशीच्या वेगाने जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

आपल्या भागात हे का घडतं, त्याची कारणं आपल्याच राहणीत आहेत. सुरत, पुणे, नाशिककडे नोकरीला गेलेली आपली माणसं शनिवारी कामावरून सुटतात, घरी येऊन बॅगा भरतात आणि रात्री दहाला निघतात. सुरत ते जळगाव तीनशे किलोमीटरहून जास्त, पुणे ते जळगाव चारशेच्या आसपास. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला हायवेवर असतो तेव्हा त्याला जागून सतरा तास झालेले असतात. सतरा ते एकोणीस तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्या कायद्यातली मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे दारूच्या थेंबाला न शिवलेला आपला भाऊ त्या क्षणी कायद्याने गाडीला हात लावू न देण्याच्या अवस्थेत असतो, आणि मागे लेकरं झोपलेली असतात.

शरीराला दिवसातून दोनदा झोपेची ओढ असते: पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार. पहाटेची वेळ सगळ्यांना माहीत आहे, दुपारची कुणी मोजत नाही. मे महिन्यातलं लग्न, पंगतीत वरण-बट्टी, तूप, वांग्याची भाजी, बाहेर ४४-४५ अंश ऊन, आणि लगेच एसी लावून परतीचा प्रवास. याहून झोपेला सोपी वाट नाही. लग्नघरी जेवलात तर तासभर आडवे व्हा आणि ऊन उतरल्यावर निघा. यजमान आग्रह करतीलच, त्या दिवशी तो मोडू नका. सर्दी-खोकल्याची, खाजेची, उलटी थांबवायची गोळी घेतली असेल तर त्या दिवशी स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या. यातल्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते.

झोप येण्याआधीच्या खुणा ओळखा. लागोपाठ जांभया, डोळ्यांची जळजळ, मान जड होणं. वेग विनाकारण सत्तर, नव्वद, परत सत्तर होणं. गाडी कधी डाव्या पट्टीवर, कधी उजव्या. फाटा चुकणं. कुणी काही विचारलं तर उशिरा उत्तर देणं. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे मागचे चार-पाच किलोमीटर कसे गेले ते न आठवणं. हे झालं की पुढचा पेट्रोल पंप गाठायचा, गावाचा फाटा नव्हे. काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, तंबाखू चोळणं, यांनी पाच-दहा मिनिटं बरं वाटतं आणि झोप तिथेच असते.

उपाय एकच आहे, आणि तो झोप आहे. पंपावर किंवा उजेड असलेल्या ढाब्याच्या आवारात आत गाडी घ्या. हायवेच्या कडेला साइडपट्टीवर उभी करून झोपू नका. तुमच्यासारखाच दुसरा डुलकी लागलेला ड्रायव्हर तिथेच येऊन धडकतो. आधी एक कप कडक चहा किंवा कॉफी प्या, कारण तिचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. इंजिन बंद, दारं लॉक, काचा बोटभर खाली, मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर. उठल्यावर पाच मिनिटं चाला, मग निघा. दोन तासांनी पुन्हा थांबायचं आहे हे आधीच ठरवा. पहाटेच्या वेळी गाठ पडली असेल तर वीस मिनिटंही पुरत नाहीत. तेव्हा उजाडेपर्यंत झोपा आणि घरी फोन करून सांगा. अर्धा दिवस उशीर झाला तरी आखाजीची पुरणपोळी उरलेली असते.

शेजारी बसणाऱ्याचंही काम आहे, आणि ते सोपं नाही, कारण झोप आलेला माणूस ती कधीच कबूल करत नाही. “नाना, झोप येतेय का?” विचारलं की “काही नही रे भो, चालू दे” हेच उत्तर येणार. वडीलधाऱ्याला टोकणं जड जातं, पुतण्याचं ऐकून काका स्टिअरिंग सोडत नाहीत. मग सरळ म्हणा, “नाना, पुढच्या पंपावर घ्या बरं गाडी, मला लघवीला जायचंय.” याला कुणी नाही म्हणत नाही. एकदा थांबले, खाली उतरले, की चहा घेता घेता किल्ली मागता येते. पुढच्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, हा नियम घरात लावून टाका.

मोबाइल

पाच सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर ऐंशीच्या वेगात १११ मीटर गाडी आंधळी जाते. नकाशा निघण्याआधी लावा, आवाज चालू ठेवा, फोन सोबतच्याकडे द्या. हातात मोबाइल धरून चालवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक ड्रायव्हिंग ठरतं, पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते. लेनमधून सरकण्याच्या बाबतीत मेसेज टाइप करणं सगळ्यात वाईट, कारण डोळे, हात आणि डोकं तिन्ही एकदम रस्त्यावरून उठतात. खाली पडलेली पाण्याची बाटली शोधणं, मागच्या बाळाकडे वळून बघणं हेही त्याच जातीचं.

आपल्या रस्त्यांच्या खोड्या

सुरत–नागपूर महामार्ग नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. त्यामुळे सकाळी धुळ्याहून जळगावकडे आणि संध्याकाळी उलट जाताना सूर्य थेट डोळ्यांत असतो. डांबर चकाकतं आणि पट्टी दिसेनाशी होते. पुढची काच आतून-बाहेरून पुसलेली ठेवा, आतून जमलेला धुरकट थर सूर्यासमोर पांढरा पडदा होतो. वेग साठवर आणा.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या परिसरात पवनचक्क्या आहेत, कारण तिथे वारा आहे. उंच गाडी, वर सामानाचा कॅरिअर, आणि मोकळ्या माळावर बाजूने आलेला झोत, एवढ्याने गाडी हातभर सरकते. ट्रकला ओव्हरटेक करताना त्याच्या आडोशात वारा थांबतो आणि पुढे निघताच पुन्हा मारतो. तो झोत येणार हे धरूनच स्टिअरिंग घट्ट ठेवा.

बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा या पट्ट्यात, केळीचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि हंगामात कापसाने फुगलेल्या गाड्या असतात. कापसाची गाडी आपल्या लेनच्या बाहेर दोन्ही बाजूंनी फुगलेली असते, आणि मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर असेलच असं नाही. ती चुकवण्यासाठी लोक आधीपासूनच मधल्या पट्टीवर गाडी चालवतात, आणि समोरून दुसरा तसाच येतो. रात्री समोरच्याचा अप्पर डोळ्यावर आला तर नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या, वेग कमी करा, मधल्या पट्टीपासून आत राहा.

कन्नड घाट, कोंडाईबारी, अजिंठा घाट इथे गाडी सरकते ती वळणात वेग जास्त राहिल्यामुळे. ब्रेक वळणाआधी मारा, वळणात नाही.

चाक साइडपट्टीवर उतरलंच तर

हा भाग दोनदा वाचा. गाडी डांबराखाली उतरल्यावर जेवढी माणसं जातात, त्यातली कितीतरी उतरल्यामुळे जात नाहीत. ती घाबरून झटक्याने वर चढवल्यामुळे जातात.

अशा अपघाताच्या जागी रस्त्यावरच्या खुणा नीट पाहिल्या तर सगळं लिहिलेलं सापडतं. आधी साइडपट्टीच्या धुळीत डाव्या चाकांची एक लांब, सरळ, निवांत तिरपी रेघ. मग डांबराच्या कडेला टायर घासल्याची काळी खरवड, चार-पाच मीटर. तिथून एकदम आकड्यासारखी उजवीकडे वळलेली खूण, पार पलीकडच्या लेनपर्यंत. निवांत रेघ म्हणजे डुलकी. काळी खरवड म्हणजे ड्रायव्हर जागा झाला आणि स्टिअरिंग उजवीकडे ओढत राहिला. आकडा म्हणजे चाक अचानक वर चढलं.

होतं असं की नवीन थर टाकून टाकून डांबर उंच होतं आणि साइडपट्टी खाली राहते, कधी वीतभर. चाक खाली उतरलं की टायरची बाजू त्या कडेला घासते आणि चढत नाही. घाबरलेला माणूस आणखी वळवतो. शेवटी चाक टपकन चढतं, तेव्हा ते खूप वळलेलं असतं, आणि गाडी एका क्षणात समोरच्या लेनमध्ये जाते किंवा कोलांटी खाते. पावसाळ्यात तर तापीकाठची काळी माती साबणासारखी होते आणि डावी चाकं आत रुतत जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी सरळ जाऊ द्या, अर्धी खाली, अर्धी वर, तशीच. ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. जोरात ब्रेक मारू नका. एका बाजूला माती आणि दुसऱ्या बाजूला डांबर असताना तसं केलं की गाडी फिरते. वेग आपोआप उतरू द्या, हलका ब्रेक चालेल. तीस-चाळीसवर आल्यावर आरसा पाहा, मागून आणि समोरून कुणी नाही याची खात्री करा, मग स्टिअरिंग थोडंसं उजवीकडे. चाक वर चढताक्षणी स्टिअरिंग सरळ. कड वीतभर असेल तर हा खटाटोपच करू नका. पूर्ण थांबा, इंडिकेटर लावा, आणि कड उतरती असेल तिथून पहिल्या गिअरमध्ये वर या.

पुढे झाड किंवा मोरी असेल आणि वाट पाहायला जागाच नसेल, तर सरळ धरून पूर्ण जोराने ब्रेक. एप्रिल २०१९नंतर विकल्या गेलेल्या नव्या कारना एबीएस (जोराच्या ब्रेकमध्ये चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असतं, पाय उचलू नका, पेडल थरथरलं तरी दाबून धरा. झाडाला कमी वेगात धडकणं हे शंभरच्या वेगातल्या समोरासमोरच्या धडकेपेक्षा कितीतरी बरं. मागच्या सीटवरच्यांनीही बेल्ट लावलेला असू द्या. गाडी उलटली की बेल्ट नसलेला माणूस बाहेर फेकला जातो.

हे सगळं रिकाम्या मैदानात तीसच्या वेगात करून पाहा, डावी चाकं मातीत आणि उजवी कडक जमिनीवर घेऊन. हाताला एकदा माहीत झालं की अंगवळणी पडतं.

समोरचाच आपल्या लेनमध्ये सरकत असेल तर

ब्रेक, सलग हॉर्न, अप्पर-डिप्पर, आणि डावीकडे. साइडपट्टीवर उतरावं लागलं तरी डावीकडेच. उजवीकडून निसटायचा मोह होतो, पण तो जागा झाला की झटक्याने स्वतःच्या लेनमध्ये परत जातो, आणि तिथे तुम्ही असता.

गाडीतली सूचना देणारी यंत्रणा, आणि चाकं

आता बऱ्याच नव्या गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. तो पट्ट्या वाचतो आणि इंडिकेटर न देता गाडी पट्टीवर गेली तर आवाज देतो, काही गाड्यांत स्टिअरिंग हलकंच आत वळवतो. साधारण साठच्या वर ही यंत्रणा चालू होते. चांगली सोय आहे, घेता येत असेल तर घ्या आणि सारखी वाजते म्हणून बंद करू नका. इंडिकेटर देऊन लेन बदललीत तर ती वाजणार नाही. पण पट्टी पुसलेली असेल, धुळीने झाकलेली असेल, जोरात पाऊस असेल किंवा सूर्य समोर असेल, तर तिलाही दिसत नाही. गावाकडच्या पट्टी नसलेल्या रस्त्यावर ती काहीच करत नाही.

सपाट, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर हवा आणि अलाइनमेंट तपासा. रस्त्याला पाणी जाण्यासाठी उतार असतो, त्यामुळे डावीकडे किंचित ओढ सगळ्याच गाड्यांना असते. त्याहून जास्त असेल तर बिघाड आहे. मोठ्या खड्ड्यात आपटल्यावर अलाइनमेंट पाहून घ्या. हवा सकाळी टायर थंड असताना भरा. आपल्या उन्हाळ्यात कमी हवेचा टायर सगळ्यात आधी फुटतो, आणि तो फुटला तरी वर सांगितलेलाच क्रम: सरळ धरा, ब्रेक नको, वेग उतरू द्या.

अपघात दिसला किंवा झाला तर

चारही इंडिकेटर लावा, गाडीतली माणसं उतरवून रस्त्यापासून लांब, शेताच्या बाजूला न्या. लाल त्रिकोण मागे किमान पन्नास मीटरवर ठेवा, रात्री त्याहून लांब. अँब्युलन्ससाठी १०८, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगितलात तर गाडी लवकर पोहोचते. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार संरक्षण आहे. नाव सांगायचं की नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर असतं. तेव्हा पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. हे तिन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये भरून ठेवा, आणि घरात जो जो गाडी चालवतो त्याच्याही फोनमध्ये.